बेदाण्याच्या शेडमधून वेरोनाकडं

मार्चमध्ये तासगावहून कवठेमहांकाळच्या बाजूला निघालं की बेदाण्याची शेडं लागतात. आत जाळ्यांवर थराथरांनी पसरलेले मणी, आणि अंगाला लागणारा कोरडा, गरम वारा. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यातून काढलं की मण्यावरचा मेणचट थर सैल होतो, पाणी भराभर उडतं. पंधरा दिवसांत चार किलो द्राक्षांचा साधारण किलोभर बेदाणा.

इटलीत वेरोनाजवळच्या वल्पोलिचेल्ला भागातही द्राक्षं अशीच वाळत घालतात, पण वाईनसाठी. कोर्विना, रोंदिनेल्ला या काळ्या जातींचे घड शरद ऋतूत खुडून हवेशीर माळ्यावर पसरायचे. डिपिंग नाही, उष्ण वाराही नाही. थंडीत तीन-चार महिने मणी नुसते सुकतात. वजन तिसऱ्या हिश्श्यानं किंवा थोडं जास्त घटलं की रस काढतात. साखर दाटलेली असते, पण यीस्ट ती जवळजवळ सगळी खाऊन टाकतं. उरते ती कडक, जड लाल वाईन, आमारोने. नावातच कडूपणा आहे. इतकं वाळवून गोड का नाही, हे तासगावात पटवून देणं अवघड!

लाल वाईनचा रंग रसात नसतो, सालीत असतो. जांभूळ खाल्ल्यावर जिभेवर बसतो तसा तुरटपणाही साल-बियांतूनच येतो. म्हणून वाईनला बारीक मणी, जाड साल, भरपूर बिया हव्यात. आपण नेमकं उलटं घडवत आलो. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी निवडलेली तास-ए-गणेश बिनबियांची. त्यात विरळणी करायची, जीए (जिबरेलिक आम्ल) देऊन मणी फुगवायचा.

इटलीची वेल इकडं रुजतच नाही असं मात्र नाही. फलटणहून नातेपुते ओलांडून अकलूजकडं गेलं की माळशिरस तालुक्यात फ्रातेल्ली या वायनरीच्या बागा आहेत. तिथं तोस्कानातल्या कियांतीची मुख्य जात, सांजोवेझे, वाढते. फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. मोहिते-पाटील आणि इटलीचे सेच्ची, दोन्हीकडचे भाऊ या उद्योगात आहेत.

राज्य सरकारनं २००१ च्या धोरणात नाशिककडच्या विंचूरसोबत सांगलीतल्या पलूसलाही वाईन पार्कसाठी निवडलं. तरी सांगलीचा बागायतदार खाण्याच्या द्राक्षालाच धरून राहिला, आणि मला त्यात आडमुठेपणा दिसत नाही. व्यापाऱ्यानं दर पाडला की थॉमसनसारख्या बिनबियांच्या जातीचा माल शेडवर टाकता येतो. वाईनच्या द्राक्षाला गिऱ्हाईक एकच, वायनरी. तिनं पाठ फिरवली, तर बियांचा बेदाणा सौद्यात कोण धरणार?