नदीचा तळ म्हणजे फरशी नव्हे

एप्रिल २०१६. गुढीपाडव्याच्या सुमारास पंचवटीतले रामकुंड कोरडे पडले. असे १३९ वर्षांत पहिल्यांदाच घडले, असे त्या वेळच्या बातम्यांत छापून आले होते. सलग दोन वर्षे पाऊस कमी, गंगापूर धरणातला साठा पिण्यासाठी राखलेला, त्यामुळे नदीत पाणी सोडणे बंद. सणाचे स्नान अडले, दशक्रिया विधीसाठी आलेल्यांची पंचाईत झाली. शेवटी टँकरने पाणी आणून कुंडात ओतावे लागले.

ते दृश्य पाहून पंचवटीतल्या जुन्या माणसांनी एक साधा प्रश्न विचारला. गंगापूर धरण पूर्ण झाले १९६०च्या दशकात. त्याआधी धरणातून पाणी सोडण्याचा प्रश्नच नव्हता. मग त्या काळात चैत्र-वैशाखात कुंडांत पाणी कुठून यायचे?

या प्रश्नाचे उत्तर नदीच्या पाण्यात नाही, तळात आहे. आणि तो तळ काँक्रीटखाली गेला होता.

कागदपत्रांतून शोधलेली कुंडे

आज रामकुंडावर जाणाऱ्याला एक मोठे कुंड, पायऱ्या आणि पुढे वाहणारे पाणी एवढेच दिसते. प्रत्यक्षात हा सगळा परिसर कुंडांच्या साखळीचा आहे. लक्ष्मणकुंड, सीताकुंड, धनुषकुंड, दशाश्वमेध, रामगया, पेशवे कुंड, खंडोबा कुंड अशी त्यांची नावे. १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरमध्ये या तीर्थांच्या नोंदी आहेत. २००३ च्या सिंहस्थाच्या सुमारास भाविकांना उभे राहायला सपाट, न घसरणारी जागा हवी म्हणून पात्रात काँक्रीट ओतले गेले. गर्दीच्या सुरक्षेचा विचार त्यामागे होता, हे मान्यच करायला हवे. पण त्या सपाटीखाली अनेक कुंडे बुजली.

गोदाप्रेमी कार्यकर्ते देवांग जानी यांनी या बुजलेल्या कुंडांचा पाठपुरावा केला. जुन्या नोंदी आणि नकाशे गोळा करून १७ प्राचीन कुंडांचा प्रश्न त्यांनी पालिकेपुढे आणि मुंबई उच्च न्यायालयापुढे मांडला. पात्रातले काँक्रीट काढावे, ही त्यांची मागणी. २०२० च्या सुमारास स्मार्ट सिटीच्या गोदा प्रकल्पातून काही कुंडांवरचा थर फोडायला सुरुवात झाली, आणि उघड्या झालेल्या तळातून पाणी येऊ लागल्याच्या बातम्या आल्या.

नदीसाठी काम करणारे नाशिककर अनेक आहेत. गणेशोत्सवात मूर्ती नदीत सोडू नका म्हणून घाटावर उभी राहणारी मुले आहेत, दसऱ्याला निर्माल्याच्या पिशव्या अडवायला नंदिनीकाठी शिट्टी घेऊन उभे राहणारे गृहस्थ आहेत. मात्र कचरा डोळ्यांना दिसतो, तळ दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीसाठी वर्षानुवर्षे कागद गोळा करणे अधिक चिकाटीचे काम आहे.

खडकाखाली काय चालते?

नाशिक वसले आहे ते बेसॉल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर. लाव्हाचे थर एकावर एक साचून हा खडक तयार झाला. अखंड बेसॉल्टमध्ये पाणी जवळजवळ मुरत नाही. ते साठते आणि वाहते ते खडकातल्या भेगांतून, सच्छिद्र पट्ट्यांतून आणि दोन थरांच्या सांध्यातून. पावसाळ्यात आसपासच्या उंच भागात मुरलेले पाणी या वाटांनी हळूहळू खाली सरकते. नदीचे पात्र हा परिसरातला सर्वांत सखल भाग असल्याने जिथे भेग पात्रात उघडते तिथे झरा फुटतो. अशा जागी खडकातच कुंड खोदले किंवा बांधले, तर वाहते पाणी आटल्यावरही त्यात पाणी राहू शकते. कुंडे नेमकी तिथेच का, याचे हे एक पटणारे कारण आहे.

पंचवटीत आणखी एक वाट होती. रामशेजच्या बाजूने इंद्रकुंडाकडून येणारी अरुणा आणि वाघाडी म्हणून ओळखली जाणारी वरुणा या दोन्ही नद्या इथेच गोदावरीला मिळतात. अरुणा आता जमिनीखाली गडप झाली आहे आणि वाघाडीला लोक नाला म्हणतात.

तळाचे दुसरे कामही महत्त्वाचे आहे. वाळू, गोटे आणि खडकाच्या खाचांतून नदीचे पाणी सतत खाली-वर होत असते. दगडांवर आपल्या पायाला जो बुळबुळीत थर लागतो, त्यात असंख्य सूक्ष्मजीव असतात. ते पाण्यातला सेंद्रिय मळ खातात, अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. खाचांमध्ये किड्यांच्या अळ्या आणि माशांची पिल्ले वाढतात. सपाट काँक्रीटवरही शेवाळ येते, पण खाचाखोचा नसल्याने ही कामे करायला जागाच फार थोडी उरते. थोडक्यात, नदीचे पात्र गाळणीसारखे काम करते. आपण त्या गाळणीला बूड लावले.

झरा की नुसता पाझर?

इथे थोडे थांबायला हवे. काँक्रीट फोडले आणि खड्ड्यात पाणी आले, एवढ्यावरून झरा जिवंत झाला असे सिद्ध होत नाही. शेजारून नदी वाहत असेल तर तिचेच पाणी बाजूने झिरपून खड्ड्यात येऊ शकते. २०१६ मध्ये कुंड आटण्यालाही फक्त काँक्रीट जबाबदार होते, असे म्हणता येणार नाही. दुष्काळ होता, आणि शहरातल्या बोअरवेल तेच भूजल उपसत होत्या.

झरा आणि पाझर ओळखण्याच्या चाचण्या मात्र सोप्या आहेत. पहिली तापमानाची. खोल भूजलाचे तापमान वर्षभर जवळजवळ सारखे राहते. म्हणून झऱ्याचे पाणी थंडीत कोमट आणि उन्हाळ्यात गार लागते, तर नदीचे पाणी ऋतूप्रमाणे बदलते. दुसरी विरघळलेल्या क्षारांची. खडकातून प्रवास केलेल्या पाण्यात साधारणपणे धरणाच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. काहीशे रुपयांच्या टीडीएस मीटरवर हा फरक दिसतो. मात्र सांडपाण्यातही क्षार असतातच, त्यामुळे ही चाचणी एकटी पुरत नाही. तिसरी पातळीची. धरणातून पाणी सोडणे बंद असताना कुंड उपसून ते किती तासांत किती भरते, हे मोजायचे. पंचवटीतल्या एखाद्या महाविद्यालयाने दर आठवड्याला या तीन नोंदी ठेवल्या, तर दोन उन्हाळ्यांत वाद बराचसा मिटेल.

वरचे पाणी कसे आहे?

तळ उघडण्याचा आग्रह धरताना एक धोकाही समजून घ्यायला हवा. भेगेतून पाणी नेहमी वरच येते असे नाही. भूजलाची पातळी नदीपेक्षा उंच असेल तर पाणी वर येते, पातळी खाली गेली असेल तर नदीचेच पाणी आत जाते. उन्हाळ्यात, भरपूर उपसा झालेल्या शहरात, दुसरी शक्यता खरी ठरू शकते. तेव्हा नदीत मैलापाणी असेल तर तळ उघडून आपण ते भूजलात जायला वाट करून देऊ.

म्हणून काँक्रीटचा प्रश्न गटारीच्या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही. हा दुसरा लढाही नाशिककरांनीच उभा केला. गोदावरीत सांडपाणी मिसळते याविरोधात राजेश पंडित, निशिकांत पगारे आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाने नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेला यात लक्ष घालायला सांगितले. नदीत वाहने धुणे, कपडे धुणे, कचरा टाकणे यांवर निर्बंध आले.

आकडे काय सांगतात ते पाहू. स्नानयोग्य पाण्यात जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे बीओडी, लिटरमागे ३ मिलीग्रॅमपेक्षा जास्त नसावी असा निकष आहे. सूक्ष्मजीवांना पाण्यातला मळ कुजवायला किती ऑक्सिजन लागेल, याचे हे माप. आपल्याकडची बहुतेक जुनी मलशुद्धीकरण केंद्रे मात्र ३० मिलीग्रॅमच्या निकषावर बांधलेली. म्हणजे केंद्राने आपले काम चोख केले तरी त्यातून निघालेल्या एका लिटर पाण्यात नऊ लिटर अगदी निर्मळ पाणी मिसळल्यावरच ते स्नानयोग्य होईल. पावसाळ्यात ते नऊ लिटर मिळतात. मार्च ते मे या काळात कुठून आणायचे? तपोवनातल्या एका केंद्राचीच क्षमता दिवसाला १३ कोटी लिटर आहे. रामकुंड या केंद्राच्या वरच्या बाजूला आहे, म्हणून तिथला धोका आहे तो वरच्या नाल्यांचा आणि तुंबलेल्या गटारींचा.

आरोग्याच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा आकडा विष्ठेतल्या कोलिफॉर्म जिवाणूंचा. हे जिवाणू पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण असतात. ते आहेत म्हणजे टायफॉइड, कावीळ, जुलाबाचे जंतूही असू शकतात. स्नानासाठी १०० मिलीलिटरमध्ये ५०० पर्यंत असावेत, २,५०० ही कमाल मर्यादा. प्रक्रिया न केलेल्या मैलापाण्यात तेवढ्याच पाण्यात ते एक कोटीच्या घरात असू शकतात. अशा एका लिटरला कमाल मर्यादेखाली आणायला सुमारे चार हजार लिटर स्वच्छ पाणी लागते. नदीला मिळणारा छोटासा नालाही का क्षुल्लक नसतो, हे यावरून ध्यानात यावे.

म्युनिकने काय केले?

जर्मनीतल्या म्युनिक शहरातून इसार नदी वाहते. पुरापासून संरक्षण म्हणून तिला सरळ, काँक्रीटच्या काठांच्या कालव्यात बसवले होते. २००० ते २०११ या काळात शहराने सुमारे आठ किलोमीटर पात्रातले हे बांधकाम काढले, काठ रुंद केले, गोट्यांची बेटे पुन्हा तयार होऊ दिली. पुराचे पाणी सामावून घ्यायला अधिक जागा मिळाली. त्याच काळात नदीच्या वरच्या बाजूच्या मलशुद्धीकरण केंद्रांत शेवटच्या टप्प्यावर अतिनील किरणांनी जंतू मारण्याची सोय केली गेली. आज उन्हाळ्यात लोक तिथे पोहतात. तळ आणि गटार या दोन्ही बाजूंनी काम झाले, म्हणून ते साधले.

आपली नदी वेगळी आहे, हेही खरे. इसारच्या काठी एका दिवशी लाखो माणसे स्नानाला उतरत नाहीत. तळ उघडला तर खोली असमान होईल, पाय घसरतील, पाणी गढूळ होईल, ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण तिच्यावर उपाय आहेत. पायऱ्या आणि काठाची फरशी ठेवून कुंडाच्या मधला तळ मोकळा करता येतो, पर्वणीच्या दिवसांत जाळी आणि कठडे लावता येतात. सुरक्षितता आणि झरे यांतून एकच निवडावे लागेल, असे नाही.

सिंहस्थाआधी

२०२७ चा सिंहस्थ जवळ आला आहे. सिंहस्थाच्या तयारीत पात्रात, घाटावर, काठावर बांधकामे होतात आणि साधू निघून गेल्यावर ती वर्षानुवर्षे तशीच राहतात. साधुग्रामासाठी तपोवनातली झाडे तोडण्याच्या प्रस्तावाविरुद्ध २०२५ च्या अखेरीस नाशिककर मोठ्या संख्येने उभे राहिले, ते याच अनुभवामुळे. झाडांची मोजणी लोकांनी मागितली, तशीच कुंडांचीही मागावी. कोणते कुंड उघडले, कोणते बाकी आहे, नवे काँक्रीट कुठे पडणार आहे, हे घाटावर फलकावर लिहिलेले असावे. शेजारी त्या आठवड्याचे बीओडी आणि कोलिफॉर्मचे आकडेही असावेत.

तोवर स्नानाला जाणाऱ्यांनी थोडी काळजी घ्यावी. तीर्थ म्हणून नदीचे पाणी पिऊ नये, लहान मुलांना पाजू नये. आचमनासाठी घरून उकळलेले पाणी न्यावे. अंगावर जखम असेल, कान फुटला असेल तर डुबकी टाळावी. पूर ओसरल्यावर काही दिवस पाण्यात उतरू नये, कारण लेप्टोस्पायरोसिससारखे आजार तेव्हाच बळावतात. घरी आल्यावर साबणाने अंघोळ करावी. जुलाब किंवा ताप आला तर डॉक्टरांना नदीत स्नान केल्याचे आवर्जून सांगावे.

मोजमाप नाशिककरांना नवे नाही. पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले की छातीला, हे सगळे शहर एकमेकांना विचारते. त्या एका मूर्तीमुळे पुराचे गांभीर्य लहान पोरालाही कळते. उन्हाळ्यातल्या नदीसाठीही अशी एक खूण हवी. धरणातून पाणी सुटत नसताना, वैशाखात, कुंडाच्या तळाशी किती बोटे स्वच्छ पाणी आहे? हा प्रश्न आपण दर वर्षी विचारू लागलो, तर टँकरने नदी भरण्याची वेळ पुन्हा येणार नाही.