मनांतला परीक्षक आणि रोजची चित्रवही

शेजारच्या निंदकाचें एक बरें असतें. तो रात्रीं आपल्या घरीं निजावयास जातो. प्रत्येकाच्या मनांत जो परीक्षक बसलेला असतो, तो मात्र घर सोडून कधींच जात नाहीं. कोणतेंही नवें काम हातीं घ्यावें, कीं हा आधींच गुण मांडून मोकळा होतो. गाणें शिकूं म्हणणारी सून, कविता लिहूं पाहणारा मुलगा, सेवानिवृत्त झाल्यावर चित्रें काढूं म्हणणारे आजोबा, एकाच घरांतल्या या तिघांनाही तो एकाच वेळीं गप्प बसवूं शकतो. या परीक्षकाशीं आमचा जवळजवळ पन्नास वर्षें दावा चालला होता. तो कसा मिटला, आणि मिटला असें वाटत असतांनाच पुन्हां कसा उभा राहिला, हें वाचकांस सांगावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आम्ही शाळेंत एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेस बसणार होतों, तेव्हांची गोष्ट. समोर तांब्या मांडलेला होता. मास्तरांनीं आमचा कागद वर्गापुढें उंच धरला आणि विचारलें, "हा तांब्या कीं भोपळा?" वर्ग हंसला. मास्तर तें दुसऱ्या दिवशीं विसरलेही असतील. त्यांच्या मनांत कांहीं वांकडें नव्हतें. परंतु तो प्रश्न आमच्या मनांत घर करून राहिला, आणि त्यानंतर आम्हीं कुंचला हातीं धरला नाहीं.

नोकरी संपवून आम्ही खालापूर तालुक्यांतल्या चौक गांवीं, वडिलार्जित घरांत, येऊन राहिलों. जुन्या मुंबई-पुणें रस्त्यावरचें हें गांव. माथेरान, प्रबळगड आणि इर्शाळगड हे तिन्ही डोंगर येथल्या माणसाच्या रोजच्या सोबतीचे. इर्शाळगडाचा सुळका आणि त्यांतलें आरपार नेढें एकदां पाहिलें कीं विसरत नाहीं. पुतणीनें जलरंगांची पेटी आणि एक जाड वही आणून दिली. पेटी उघडावी, कोऱ्या पानाकडे पाहावें आणि पेटी मिटावी, असे आठ दिवस गेले. पान दिसलें कीं तांब्या-भोपळ्याचा प्रश्न ऐकूं येई.

यांतून आमची सुटका केली ती आमच्या काकूंनीं. लग्न होऊन या घरीं आल्यापासून साठ वर्षें त्या रोज पहांटे तुळशीपुढें रांगोळी घालतात. चैत्रांत शुद्ध तृतीयेपासून अक्षय्यतृतीयेपर्यंत अंगणांत त्यांचें चैत्रांगण असतें: सूर्य, चंद्र, शंख, कासव, गौरीचा झोपाळा, गाईचीं पावलें. एके दिवशीं आम्ही सहज म्हणालों, "काकू, आज कासव जरा कललें." काकूंनीं वांकून पाहिलें. "कललं खरं," त्या म्हणाल्या, "उद्यां पुसून पुन्हां काढायचंच आहे." आणि त्या स्वयंपाकघरांत निघून गेल्या.

दोष दिसणें निराळें आणि त्या दोषामुळें आपण कमी ठरणें निराळें, हें आमच्या तेव्हां ध्यानांत आलें. काकूंना कासव कललेलें दिसलें. आपण रांगोळी घालण्यास नालायक आहों, असें त्यांना क्षणभरही वाटलें नाहीं. ज्याला उद्यां पुन्हां तेंच करावयाचें आहे, त्याला आजच्यावर निकाल लावून बसण्यास सवड कोठून असणार?

आम्हीं त्याच दिवशीं नियम ठरविले. सकाळीं चहानंतर घड्याळ लावून वीस मिनिटें. विषय एकच, इर्शाळगड. वेळ संपली कीं चित्र जेथें असेल तेथें थांबवावयाचें. कोपऱ्यांत तारीख घालावयाची. पान फाडावयाचें नाहीं, आणि महिना संपेपर्यंत मागें वळून पाहावयाचें नाहीं.

पहिले दहा-बारा दिवस परीक्षक नेमानें हजर होता. पुढें तो कंटाळला. परीक्षक परीक्षेला येतो, रोजच्या हजेरीला येत नाहीं. त्याच्या जागीं हळूहळू एक वेगळाच, शांत आवाज ऐकूं येऊं लागला. "डावा उतार याहून उभा आहे," "आधींचा थर वाळूं द्या," एवढेंच तो बोले. पावसाळ्यांत येथली हवा इतकी ओली कीं एक थर वाळावयास तास-तास लागतो आणि वरचा रंग खालच्यांत पसरतो. जो पूर्वीं आम्ही आपल्या हाताचा दोष समजलों असतों, तो हवेचा गुण होता हें या आवाजानें समजाविलें. यालाच विवेक म्हणावयाचें.

या मार्गावर थोर माणसें पूर्वींच चालून गेलीं आहेत. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. ते स्वतः चित्रकारही होते. त्यांचें 'चित्ररामायण' १९१६ मध्यें निघालें आणि १९३८ मध्यें त्यांनीं औंधच्या टेकडीवर संग्रहालय उघडलें. आजचा नमस्कार डौलदार झाला कीं नाहीं हें पाहून कोणी उद्यांचा नमस्कार ठरवीत नाहीं. चित्रालाही हाच न्याय लावावा. रवींद्रनाथ ठाकुरांची गोष्ट तर याहून बोलकी. १९२४ मध्यें 'पूरबी'च्या कवितांच्या हस्तलिखितांत खोडलेले शब्द ते रेघांनीं एकमेकांस जोडीत, आणि त्या खाडाखोडींतून आकृति निघत. पुढें सत्तरीच्या उंबरठ्यावर, १९३० मध्यें, त्यांच्या चित्रांचें प्रदर्शन पॅरिसला भरलें. परीक्षकानें मारलेली काटच त्यांनीं चित्राच्या कामीं लाविली.

आमचा दावाही असाच मिटला, असें आम्ही समजत होतों. मग १९ जुलै २०२३ ची रात्र आली. मुसळधार पावसांत इर्शाळगडाच्या कुशींतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर समाजाची ती लहानशी वस्ती. वर गाडीरस्ता नाहीं; मदतीस निघालेलीं माणसें चिखलांतून पायीं चढून गेलीं. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसें सांपडलींच नाहींत, आणि २३ जुलैस शोध थांबवावा लागला.

काकूंनीं चार दिवस रांगोळी घातली नाहीं. पांचव्या दिवशीं त्यांनीं तुळशीपुढें मोजके ठिपके मांडले. आम्हीं कांहीं विचारलें नाहीं, त्यांनींही कांहीं सांगितलें नाहीं. आमची वही मात्र मिटलेलीच राहिली. परीक्षक परत आला होता, आणि या खेपेस त्यानें तांब्याचें नांव काढलें नाहीं. सदसद्विवेकाचा अंगरखा घालून तो म्हणाला, "ज्या डोंगरानें माणसें गिळलीं, त्याचीं चित्रें रंगवीत बसणार?"

उत्तर सुचेना, म्हणून आम्ही जुन्या वह्या काढून बसलों. पानोपानीं सुळका होता, नेढें होतें, ढग होते. वाडी एकाही पानावर नव्हती. गडावर जाणारी वाट त्या वाडींतूनच जात असे. आम्हीही एकदां त्या वाटेनें गेलों होतों आणि तेथल्या एका अंगणांत पाणी प्यालों होतों. तरीही वाडी एकदांही काढावीशी वाटली नाहीं. आम्ही डोंगर पाहतों आहों अशी आमची समजूत होती. खरें म्हणजे आम्ही आपली रेघ पाहत होतों. परीक्षक गप्प झाला होता, परंतु जातांना आमची मान आमच्याच कागदाकडे वळवून गेला होता.

तेव्हां त्याची तक्रार निम्मी खरी होती. त्यानें सांगितलेला उपाय मात्र खोटा होता. कमी पाहिलें, याचें प्रायश्चित्त पाहणें सोडून देणें हें नव्हे. सप्टेंबरांत आम्हीं वही पुन्हां उघडली. वीस मिनिटांचा नियम तोच ठेविला, विषयाचा मात्र बदलला. आतां पानांवर रस्त्याकडेला रानभाजी घेऊन बसलेली ठाकर बाई येते, चढावरची पाऊलवाट येते, दुरुस्तीला काढलेलें छप्पर येतें. माणसांचे हात अजून आम्हांस साधत नाहींत; ते तांब्याहून पुष्कळ कठीण आहेत.

आमच्या वाचकांस एकच विनंति. घरांत कोणी असा उद्योग आरंभला, तर त्याच्या चित्राला गुण देऊं नयेत; स्तुति हेही गुणच. हा परीक्षक जन्माला येतो तो आपल्याच माजघरांत, आपल्याच तोंडचे शब्द शिकून. हल्लीं सकाळीं पुतण्याचा मुलगा आमच्याशेजारीं वही घेऊन बसतो. परवां त्यानें पान पुढें करून विचारलें, "आजोबा, कसं झालंय?" जिभेवर आलेला शब्द आम्हीं आवरला आणि विचारलें, "तूं काय काय पाहिलंस, तें सांग." आणि तो सांगूं लागला.