सर्वांत मागची सायकल

‘एड्स/लाइफसायकल’ म्हटलं की लोकांना पाचवा दिवस आठवतो, लाल कपड्यांचा. डोंगरातल्या वळणांवरून जाणारी सायकलींची रांग दुरून एड्सच्या लाल फितीसारखी दिसावी, म्हणून त्या दिवशी सगळ्यांनी लाल घालायचं ठरलं. पुढे त्याचे लाल झगेच झाले. फोटो सगळे त्याच दिवसाचे. पण सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस ही सात दिवसांची, 545 मैलांची राइड खरी घडायची ती आधीच्या कितीतरी शनिवारी, बे एरियातल्या रस्त्यांवर. त्या सरावांत मी स्वयंसेवक होते, आणि बहुतेकदा सर्वांत मागे असे.

मागे राहणाऱ्याला ‘स्वीप’ म्हणतात. त्याच्या मागे कोणी उरता कामा नये, एवढंच त्याचं काम. बाकी शिस्त सगळ्यांना सारखी: एकामागे एक चालवायचं, कानात काही घालायचं नाही, ‘स्टॉप’च्या पाटीशी पाय टेकायचा, मागून गाडी आली की ‘कार बॅक!’ म्हणून ओरडायचं. जोरात पळणाऱ्यांना हे जाचायचं. पण दोनेक हजार सायकली वाहत्या रस्त्यावर उतरणार असतील, तर हे अंगात मुरलेलंच हवं.

ओरिंडाजवळच्या ‘थ्री बेअर्स’ फेऱ्यात ‘पापा बेअर’ नावाचा चढ आहे. राइडमध्ये किंग सिटीतून निघाल्यावर लागणाऱ्या ‘क्वाडबस्टर’ चढाची तयारी आम्ही त्यावर करायचो. एकदा एक शिक्षिका तिथे सायकलवरून उतरली. डोळ्यांत पाणी. ‘तू हो पुढे,’ म्हणाली. मीही उतरले आणि तिच्याबरोबर चालू लागले. बोलता बोलता कळलं, सकाळपासून तिच्या पोटात फक्त कॉफी होती. पायात दम होता, इंधन नव्हतं. खिशातली शेंगदाण्याची चिक्की दिली, पाणी पाजलं, पंधरा मिनिटं थांबलो. उरलेला चढ तिने सायकलवर बसून पार केला. भूक लागण्याआधी खायचं आणि तहान लागण्याआधी प्यायचं, हे व्याख्यानाने कोणाला पटत नाही. तेव्हापासून चिक्की मात्र आमच्या गटाच्या सामानात कायमची आली.

चढापेक्षा अवघड जायचं ते पैसे मागणं. प्रत्येकाने किमान 3,000 डॉलर जमवायचे, अशी अट कितीतरी वर्षं होती. पैसा सॅन फ्रान्सिस्को एड्स फाउंडेशन आणि लॉस एंजेलिस एलजीबीटी सेंटर यांच्या कामाला जायचा. ऑफिसातले लोक सहज देत. आपल्या माणसांत विषय काढला की शांतता. ओळखीच्या एका काकूंनी तर आवाजच खाली आणला, ‘अगं, पण एड्ससाठीच का? लहान मुलांसाठी काही नसतं का?’

मी त्यांना आमच्या गटातल्या एका साठीच्या गृहस्थांबद्दल सांगितलं. एचआयव्हीसह जगणारे ‘पॉझिटिव्ह पेडलर्स’ सायकलला नारिंगी झेंडा लावत, तसा त्यांच्याही सायकलला होता. 1996च्या सुमाराला एकत्रित औषधोपचार आले, त्यामुळे ते वाचले. त्याआधीचे त्यांचे बहुतेक मित्र गेले. काकू काही बोलल्या नाहीत.

आठवड्याभराने त्यांचाच फोन आला. ‘पैसे देते, पण माझं नाव नको. आणि ते त्या झेंडेवाल्यांच्या खात्यावर जाऊ देत.’ मग सावकाश सांगू लागल्या. त्यांचा मावसभाऊ 1997 साली मिरजेत गेला. औषधं जगात आली होती, त्याच्यापर्यंत पोचली नव्हती. घरात टीबी म्हणून सांगितलं, अजूनही टीबीच म्हणतात. त्याचं ताट वेगळं ठेवलं होतं, तेही त्या फोनवर बोलल्या.

खर्च वाढत गेला, राइडर घटत गेले, आणि 2025च्या जूनमध्ये ही राइड शेवटची निघाली. तोवर काकूंची निनावी देणगी दर वर्षी येत होती. त्या शेवटच्या वर्षी मात्र नावाच्या रकान्यात भावाचं नाव होतं, आडनावासकट.