नेड स्टार्कचं गुपित चाहत्यांनी नेडच्याच पद्धतीने कसं शोधून काढलं?

(सूचना: 'गेम ऑफ थ्रोन्स' अजून पाहिलेलं नसेल आणि पाहायचं असेल, तर इथेच थांबा. पुढे सगळी गुपितं फुटलेली आहेत.)

साल २००६. लॉस एंजेलिसमधल्या एका रेस्टॉरंटमध्ये दोन लेखक एका तिसऱ्या लेखकासोबत जेवायला बसले होते. पहिले दोघे म्हणजे डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस, तिसरे जॉर्ज आर. आर. मार्टिन. बेनिऑफ आणि वाइस यांना मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवर मालिका काढायची होती. दुपारचं जेवण लांबलं, गप्पा रंगल्या आणि मग मार्टिन यांनी प्रश्न टाकला, जॉन स्नोची आई कोण?

दोघांनी जे उत्तर दिलं ते बरोबर निघालं आणि मालिकेचा रस्ता मोकळा झाला. १७ एप्रिल २०११ ला एचबीओवर पहिला भाग आला.

गंमत म्हणजे हे उत्तर तेव्हा मार्टिन यांच्या एकाही पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. पण चाहत्यांना विचारलं असतं तर त्यांच्यातल्या कित्येकांनी झोपेतून उठून सांगितलं असतं. कारण पहिलं पुस्तक आलं ऑगस्ट १९९६ मध्ये आणि १९९७ मध्येच इंटरनेटवरच्या वाचकांनी एक समीकरण मांडलं होतं: आर + एल = जे. म्हणजे रेगार अधिक लियाना बरोबर जॉन.

टीव्हीवर हे गुपित उघड व्हायला त्यानंतर जवळपास २० वर्षं गेली. मग वाचकांना ते एका वर्षात कसं कळलं?

आधी नाती समजून घेऊ

नेड स्टार्क हा उत्तरेचा सरदार. अख्ख्या वेस्टेरॉसमध्ये प्रामाणिक म्हणून प्रसिद्ध. युद्धावरून परत येताना तो एक तान्हं बाळ घेऊन येतो आणि सांगतो, हा माझा मुलगा. बायको केटलिनपासून झालेला नाही, म्हणजे अनौरस. उत्तरेतल्या बड्या घराण्यांच्या अशा मुलांना 'स्नो' हे आडनाव मिळतं. डॉर्नमध्ये 'सँड', नद्यांच्या प्रदेशात 'रिव्हर्स', तसं. आडनाव ऐकलं की जन्माची कहाणी कळते, अशी ती व्यवस्था.

हा जॉन स्नो प्रत्यक्षात नेडच्या बहिणीचा, लियानाचा मुलगा. बाप रेगार टार्गेरियन, म्हणजे ज्या राजाविरुद्ध नेड लढला त्याचा थोरला मुलगा.

इंग्रजीत 'अंकल' म्हटलं की विषय संपतो. मराठी प्रेक्षकाचा लगेच पुढचा प्रश्न येतो, मामा की काका? इथे तो प्रश्न फार महत्त्वाचा आहे. जॉनने ज्याला आयुष्यभर बाप मानलं तो त्याचा मामा. रॉब, आर्या, ब्रॅन ही सावत्र नव्हे, मामेभावंडं. आणि पुढे ज्या डेनेरिसच्या तो प्रेमात पडतो, ती त्याची सख्खी आत्या. सातव्या सीझनच्या शेवटी त्या दोघांच्या जहाजावरच्या प्रसंगाने घरोघरी जी चुळबुळ झाली, ती यामुळे.

तपास कसा करायचा, हे गोष्टीनेच शिकवलं

पहिल्या पुस्तकात आणि पहिल्या सीझनमध्ये नेड राजधानीत एका मृत्यूचा तपास करतो. त्याच्या आधीचा राजाचा प्रमुख सल्लागार जॉन ॲरिन मरण्यापूर्वी दोन गोष्टींच्या मागे होता. एक, घराण्यांच्या वंशावळींचा जाडजूड ग्रंथ. दोन, राजा रॉबर्टची गावभर विखुरलेली अनौरस मुलं. नेड त्याच वाटेने जातो. लोहाराकडे काम करणारा गेंड्री बघतो, एक तान्ही मुलगी बघतो. सगळ्यांचे केस रॉबर्टसारखे काळे. वंशावळीतही तेच, बॅराथियन आणि लॅनिस्टर घराण्यांची सोयरीक झाली तेव्हा तेव्हा मुलं काळ्या केसांचीच झाली. मग राणी सर्सीची तिन्ही मुलं सोनेरी केसांची कशी?

नेडला उत्तर मिळतं. मुलं रॉबर्टची नाहीत, सर्सीच्या जुळ्या भावाची, जेमीची आहेत. हे कळल्यामुळेच पुढे त्याचं डोकं जातं.

मार्टिन यांनी इथे वाचकाला सगळी हत्यारं देऊन ठेवली. चेहरे बघा. केस बघा. कोण कुठे होतं आणि कुठे असायला हवं होतं ते बघा. कोण कशावर बोलायचं टाळतंय ते ऐका. वाचकांनी हीच हत्यारं उचलली आणि थेट नेडवर रोखली. कारण दुसऱ्याचं गुपित शोधणाऱ्या या माणसाच्या घरातच सर्सीच्या गुपितापेक्षा मोठं गुपित वाढत होतं.

धागे कोणते होते?

केसांच्या रंगापासून सुरुवात करायची तर जॉन अस्सल स्टार्क दिसतो. लांबट चेहरा, करडे डोळे, गडद केस. टार्गेरियन म्हणजे चंदेरी केस, जांभळे डोळे. इथे बरेच वाचक फसले. पण ज्यांनी नीट वाचलं त्यांच्या लक्षात आलं की नेडच्या पाच औरस मुलांपैकी चौघं आईवर गेलीत. बापावर गेलेली एकटी आर्या, आणि तिच्यात आणि जॉनमध्ये साम्य आहे. त्याच आर्याला नेड एकदा सांगतो की तू लियानासारखी दिसतेस. साधं गणित आहे. जॉनला स्टार्क चेहरा बापाकडूनच मिळाला असं कशावरून? आईकडूनही मिळू शकतो.

दुसरा धागा मनोऱ्याचा. जखमी नेडला तापात स्वप्न पडतं. युद्ध जवळपास संपलंय, राजा मेलाय, रेगारही मेलाय, आणि राज्यातले तीन अव्वल अंगरक्षक दूर डॉर्नच्या डोंगरात एका मनोऱ्याबाहेर पहारा देतायत. किंग्जगार्डचं काम राजाचं आणि त्याच्या कुटुंबाचं रक्षण करणं. राजघराण्यातलं जे कोणी उरलं होतं ते ड्रॅगनस्टोनला होतं. मग हे तिघं इथे कुणाला राखत होते? नेड सहा सोबती घेऊन त्यांच्याशी लढतो. त्या लढाईतून दोघंच वाचतात, नेड आणि हाऊलंड रीड. आत लियाना रक्ताने माखलेल्या बिछान्यात मरणपंथाला लागलेली असते आणि भावाकडून वचन घेते. कसलं वचन, ते पुस्तक सांगत नाही. नेड मात्र ते वचन पुन्हा पुन्हा आठवत राहतो.

निळे गुलाब घ्या. हॅरनहॉलच्या स्पर्धेत रेगारने स्वतःची बायको एलिया समोर बसलेली असताना निळ्या गुलाबांचा मुकुट लियानाच्या मांडीवर ठेवला होता. पुढे दुसऱ्या पुस्तकात डेनेरिसला एका दृष्टान्तात बर्फाच्या भिंतीत उगवलेलं निळं फूल दिसतं. आणि त्या भिंतीवर पहारेकरी म्हणून कोण गेलंय? जॉन.

पण सगळ्यात भक्कम पुरावा फुलांचा नाही, नेडच्या वागण्याचा आहे. राजधानी पडली तेव्हा रेगारच्या दोन लहान मुलांना मारून त्यांची प्रेतं रॉबर्टपुढे ठेवली गेली. रॉबर्टला त्याचं काही वाटलं नाही. नेड मात्र जिवलग मित्राशी भांडून निघून गेला. म्हणजे रेगारचं आणखी एक मूल सापडलं तर त्याचं काय होईल, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे रॉबर्ट गरोदर डेनेरिसला मारायचा हुकूम काढतो, तेव्हाही नेड पद सोडतो. हे सगळं एकत्र ठेवलं की नेडचं खोटं बोलणं वेगळं दिसायला लागतं. त्याने स्वतःच्या इभ्रतीला डाग लावून घेतला, संसारात कायमची अढी येऊ दिली, केटलिनने एकदा विचारलं तर तिलाही पुन्हा विषय काढू नकोस म्हणून बजावलं. त्या मुलावर केटलिन आयुष्यभर राग धरते आणि खरं काय ते न कळताच मरते.

मार्टिन यांनी दिशाभूल करायचीही सोय ठेवली होती. जॉनची आई म्हणून पुस्तकांत विला नावाच्या दाईचं नाव येतं, आशारा डेन या सुंदर सरदारकन्येची कुजबुज येते, पाचव्या पुस्तकात तर एका कोळ्याची मुलगीही येते. चाहत्यांमध्ये आशाराच्या बाजूने किल्ला लढवणारे लोक बरीच वर्षं होते.

वाचकांना कळलंय हे समजल्यावर लेखकाने काय करावं? मार्टिन यांनी यावर जाहीरपणे सांगितलंय की असं झालं म्हणून शेवट बदलायचा मोह त्यांनी टाळला. पेरलेले सगळे धागे एका फटक्यात खोटे पडतात, मग ज्याने लक्ष देऊन वाचलं त्याचीच फसवणूक होते.

टीव्हीवर फुटलं तेव्हा

पाचव्या सीझनच्या शेवटी, जून २०१५ मध्ये, जॉनला त्याच्याच माणसांनी भोसकलं. वर्षभर एकच चर्चा, मेला की जिवंत? समीकरण पाठ असलेले चाहते ठाम होते की ज्याच्या जन्माचं कोडं अजून सुटलेलं नाही, तो असा मरूच शकत नाही. (जॉनचं काम करणारा किट हॅरिंग्टन याने एका टीव्ही कार्यक्रमात सांगितलं होतं की भरधाव गाडी चालवताना पोलिसाने पकडलं, आणि पुढच्या सीझनमध्ये मी जिवंत आहे एवढं सांगून त्याने सुटका करून घेतली.)

२६ जून २०१६ ला सहाव्या सीझनचा शेवटचा भाग आला. ब्रॅनला भूतकाळ दिसतो, मनोऱ्यात लियाना बाळ नेडच्या हातात देते आणि कॅमेरा बाळाच्या डोळ्यांवरून जॉनच्या चेहऱ्यावर जातो. सातव्या सीझनच्या अखेरीस, २७ ऑगस्ट २०१७ ला, दुसरा टप्पा आला: रेगारने एलियाशी झालेलं लग्न रद्द करून लियानाशी रीतसर लग्न केलं होतं. म्हणजे जॉन अनौरस नव्हताच. खरं नाव एगॉन टार्गेरियन.

इथून वादाने वेगळंच वळण घेतलं. एलियाच्या मुलाचं नावही एगॉनच होतं, मग एकाच बापाने दोन मुलांना एकच नाव का दिलं? दोन मुलं झाल्यावर लग्न रद्द कसं होतं, आणि झालं तर त्या मुलांचं काय? थोरल्या मुलाचा मुलगा म्हणून गादीवर जॉनचा हक्क आत्याच्या आधी येतो, हे खरं. पण पुरावा काय? एका धर्मगुरूची वही आणि ब्रॅनचे दृष्टान्त. डेनेरिसला जॉन हे सांगतो तेव्हा ती नेमकं यावरच बोट ठेवते की ही गोष्ट फक्त तुझ्या भावाला आणि तुझ्या मित्रालाच माहीत आहे. तिचा मुद्दा बिनतोड होता.

शेवटी जॉनला गादी मिळाली नाहीच. १९ मे २०१९ च्या शेवटच्या भागात सरदारांनी ब्रॅनला निवडलं आणि जॉन पुन्हा भिंतीकडे गेला. शेवटचा सीझन नव्याने बनवा म्हणून काढलेल्या ऑनलाइन याचिकेवर दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. इतकी वर्षं जपलेलं गुपित गोष्टीत फक्त डेनेरिसला असुरक्षित करण्यापुरतं वापरलं, ही चाहत्यांची मोठी तक्रार, आणि ती अगदीच चुकीची नाही.

रक्त की लोकांचा विश्वास?

मार्टिन यांनी या कथेसाठी इंग्लंडच्या 'वॉर्स ऑफ द रोझेस'मधून बरंच घेतलंय आणि ते तसं सांगतातही. तिथे १४८३ मध्ये चौथा एडवर्ड वारला. मुलगा बारा वर्षांचा. सख्ख्या काकाने, रिचर्डने, भावाचं लग्नच बेकायदा ठरवलं, त्यामुळे पुतणे अनौरस ठरले. पुढच्या वर्षी पार्लमेंटनेही त्यावर शिक्का मारला. दोन्ही मुलं टॉवर ऑफ लंडनमध्ये दिसेनाशी झाली. काही वर्षांनी पर्किन वॉरबेक नावाचा माणूस उभा राहिला आणि त्यातला धाकटा मीच, असं सांगू लागला. त्याला १४९९ मध्ये फाशी दिली गेली.

अशा माणसाला मराठीत 'तोतया' हा नेमका शब्द आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने उभ्या राहिलेल्या तोतयामागेही लोक गेलेच होते.

मार्टिन यांच्या पाचव्या पुस्तकातही असा एक आहे. मारला गेला असं सगळे समजतात तो एलियाचा एगॉन मीच, लहानपणी माझी अदलाबदल झाली, असं सांगणारा तरुण. मालिकेने त्याला वगळलं. तो खरा की तोतया, यावर पुस्तकवाले चाहते आजही हमरीतुमरीवर येतात.

२०२२ मध्ये 'हाऊस ऑफ द ड्रॅगन' सुरू झालं आणि केसांचा रंग परत चर्चेत आला. राजकन्या रेनिराची थोरली तीन मुलं गडद केसांची. ज्यावर ही मालिका बेतली आहे त्या 'फायर अँड ब्लड'मध्ये मुलांच्या आजीचे, रेनिसचे, केस काळे आहेत, म्हणजे संशयाला थोडी तरी जागा आहे. मालिकेत आजीचे केस पांढरे आणि कागदोपत्री बाप असलेला लेनॉर कृष्णवर्णीय. संशय उरतच नाही. दरबारात सगळ्यांना दिसतं, बोलत कोणी नाही. व्हेमंड उघड बोलतो, तर भर दरबारात त्याचं डोकं उडवलं जातं.

जॉनचा प्रश्न पुस्तकांत मात्र अजून उघडाच आहे. पाचवं पुस्तक २०११ मध्ये आलं, सहाव्याची वाट पाहणं चालू आहे. मनोऱ्यात काय घडलं ते पाहणाऱ्यांपैकी नेड गेला. उरला हाऊलंड रीड. तो जिवंत आहे, त्याची मुलं गोष्टीत आहेत, इतर लोक त्याच्याबद्दल बोलतात. पण पाच पुस्तकं झाली तरी कथेच्या वर्तमानात तो स्वतः अजून एकदाही समोर आलेला नाही.