पोती मोजली, माणसं राहिली

देशात काम करणाऱ्या दर शंभर माणसांपैकी बारा जण बांधकामावर असतात. कारखानदारीत साडेअकराही भरत नाहीत. हे २०२३-२४च्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाचे आकडे. तरीही कारखान्यांसाठी दरवर्षी उद्योगांचं वार्षिक सर्वेक्षण होतं, त्यांच्या हिशेबाच्या वह्या तपासल्या जातात. बांधकामासाठी त्या तोलाचं काही नाही. असंघटित उद्योगांची पाहणी होते, पण २०१५-१६च्या ७३व्या फेरीच्या अहवालाच्या शीर्षकातच कंसात छापलं आहे : ‘बांधकाम वगळून’. त्यानंतरच्या वार्षिक पाहण्यांनीही तोच परिपाठ ठेवला.

याला निव्वळ सरकारी आळस म्हणता येत नाही. पाहणी सुरू होते पत्त्यापासून. पिठाची गिरणी, शिंप्याचं दुकान, केशकर्तनालय गल्लीत सापडतं. सेंटरिंगचा ठेकेदार आठ माणसं घेऊन या महिन्यात वाकडला असतो, पुढच्या महिन्यात तळेगावला. त्याचं ऑफिस म्हणजे मोटारसायकल आणि मोबाइल. हजेरीची वही त्याच्या खिशात, आणि ती साईट संपली की वहीही संपते.

मग राष्ट्रीय उत्पन्नात बांधकामाचा आकडा येतो कुठून? मालावरून. सिमेंट, लोखंड, विटा-कौलं, लाकूड, काच, डांबर, नळ-कड्या-बिजागऱ्या असं साहित्य देशात किती तयार झालं, किती आयात-निर्यात झालं, त्यातलं बांधकामाबाहेर किती गेलं, हे काढायचं. वर वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफा चढवायचा. उरलेलं साहित्य आणि मजुरी ठरीव गुणोत्तरानं बसवायची. लग्नघरी किती तांदूळ शिजला त्यावरून पंगत किती उठली हे सांगावं, तसा हा प्रकार. कुडाच्या भिंती, मातीचं घर, शेताचा बांध अशा कच्च्या कामांसाठी मात्र कुटुंबांनी किती खर्च केला ते पाहतात, कारण तिथं सिमेंटचं पोतं पोचतच नाही.

पद्धत वाईट नाही. सिमेंटचे कारखाने मोजके, त्यांचे आकडे दरमहा येतात. म्हणूनच तिमाही अंदाजातही सिमेंटचं उत्पादन आणि पोलादाचा वापर हेच दोन मुख्य खांब. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत बांधकाम ५०.३ टक्क्यांनी घसरल्याचं पहिल्या अंदाजात जाहीर झालं ते याच वाटेनं. त्याच महिन्यांत साइटवरचे मजूर मुंबई-नाशिक महामार्गानं पायी गावाकडे निघाले होते. राष्ट्रीय हिशेबात त्यांचं जाणं उमटलं ते न भरलेल्या पोत्यांच्या रूपानं.

माझा आक्षेप गुणोत्तरांवर आहे. ती पायाभूत वर्षाभोवती ठरतात. २०११-१२ हे पायाभूत वर्ष असलेली मालिका जानेवारी २०१५मध्ये आली आणि पुढं दशकभर चालली. तेवढ्यात पुण्या-मुंबईच्या टॉवरवर लाकडी फळ्यांच्या जागी मिव्हानचे ॲल्युमिनियमचे साचे आले, माल कालवायच्या जागी रेडिमिक्सची गाडी आली. पोत्यामागं लागणारी माणसं कमी झाली, सुतार तर जवळजवळ गेलेच. सिमेंटच्या आकड्याला हे कळत नाही. वाळूबद्दल न बोललेलं बरं. तिची अधिकृत नोंद तहसीलदाराकडे भरलेल्या स्वामित्वधनाच्या ब्रासइतकीच, आणि नदीकाठच्या कुठल्याही गावात विचारा, रात्रीचे डंपर त्या पावत्यांत बसतात का ते.

कागदाचा दुसरा प्रवाह नगरपालिकांतून वाहतो : बांधकाम परवानगी, जोत्याचा दाखला, भोगवटा प्रमाणपत्र. १९५४मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय इमारत संघटना ही आकडेवारी गोळा करते. अमेरिकेत परवान्यांचा आणि सुरू झालेल्या घरांचा आकडा दरमहा निघतो. तिथं पायाची खोदाई सुरू झाली की घर ‘सुरू झालं’ असं धरतात. आपल्याकडे मे २०१७पासून महारेरानं निदान मोठ्या प्रकल्पांची प्रगती तिमाहीला जाहीर करायला लावली, ही मोठीच सोय. पण गावठाणात चढवलेला मजला त्यात नाही.

माणसं मोजली जातात ती घरात. श्रमशक्ती सर्वेक्षणाचा माणूस दारात येतो आणि गेल्या सात दिवसांत एकेका दिवशी काय काम केलं, किती तास केलं, ते विचारतो. मंगळवारी स्लॅब, बुधवारी सुट्टी, गुरुवारी नाक्यावर दहापर्यंत उभं राहून परत, हे सगळं त्यात येऊ शकतं. २०२५पासून हे आकडे महिन्याला मिळू लागले. मात्र ज्यांचा एका जागी मुक्कामच नाही अशा फिरत्या लोकांना ही पाहणी मुळातच सोडून देते. आणि घरी सापडलेला गवंडी कोणत्या इमारतीवर, कुणाच्या हाताखाली राबला, हे तिला ठाऊक नसतं.

इमारत आणि माणूस हे दोन धागे जोडण्याची संधी होती. १९९६च्या कायद्यांनी बांधकामखर्चावर एक टक्का उपकर आणि कामगार कल्याण मंडळं आणली. म्हणजे पैशातून इमारत कळावी आणि नोंदणीतून माणूस. पण नोंदणीला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावरच्या मजुराला रोज नवा मालक, तो दाखला देणार कोण? उलट मंडळाकडून संसारोपयोगी भांड्यांचे संच वाटले जाऊ लागले की रांगा वाढतात, त्यामुळे नोंदणीचा आकडा बांधकामापेक्षा योजनेचा चढउतार जास्त सांगतो. मार्च २०२०मध्ये केंद्रानं राज्यांना हा पैसा मजुरांपर्यंत पोचवण्याची आठवण करून दिली तेव्हा उपकराचे सुमारे ५२ हजार कोटी रुपये शिल्लक होते आणि नोंदलेले कामगार साडेतीन कोटी. त्याआधी दोन वर्षं सर्वोच्च न्यायालयानं याच खोळंब्याबद्दल सरकारांना खडसावलं होतं.

१९९६च्याच बांधकाम कामगार कायद्याच्या कलम ४६मध्ये एक साधी तरतूद होती. काम सुरू करण्याच्या तीस दिवस आधी मालकानं नोटीस द्यायची. त्यात जागा, कामाचा अंदाजे कालावधी आणि निरनिराळ्या टप्प्यांवर लागणारे मजूर किती, हे लिहायचं. पत्ता, मुदत, माणसं तिन्ही एका कागदावर! ती नोटीस कामगार खात्याच्या फायलीत राहिली, सांख्यिकीवाल्यांच्या कामी आली नाही. २१ नोव्हेंबर २०२५पासून तो कायदा नव्या श्रमसंहितांत मिसळला आहे. महाराष्ट्रानं नव्या नोटिशीत मजुरांचा रकाना ठेवावा, तिच्यावर महारेराचा नोंदणी क्रमांक आणि उपकराच्या चलनाचा क्रमांक घालावा, आणि एक प्रत मुंबईच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडे पाठवावी. वेगळी पाहणी न करताही कुठल्या तालुक्यात किती मजूर लागणार, हे आधीच कळेल.