आभासी यंत्रांचे संदेश आणि संगणकचालकाचा विवेक

विरार स्थानकावर रोजच्या प्रवाशाच्या कानी पडणाऱ्या बहुतेक उद्घोषणा त्याच्या मनापर्यंत पोहोचतच नाहीत. फलाट बदलल्याची घोषणा होताच मात्र तो सावध होतो. मेनफ्रेमच्या संगणकचालकाकडूनही अशाच निवडीची अपेक्षा असते. ही निवड यंत्राकडे कशी सोपविता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

एका यंत्रात अनेक आभासी यंत्रे चालविणारी व्हीएम/३७० ही प्रणाली आयबीएमने १९७२ साली जाहीर केली. तिच्या आजच्या झेड/व्हीएम या वारसदारावर शेकडो लिनक्स सर्व्हर एकत्र नांदू शकतात. तितके पडदे न्याहाळणे मानवी डोळ्यांना अशक्यच. म्हणून ‘सेट सेकयूजर’ या आज्ञेने प्रत्येक सर्व्हरच्या कन्सोलवरील ओळी एकाच आभासी यंत्राकडे वळविल्या जातात. तेथे प्रोग्रॅमेबल ऑपरेटर, म्हणजेच ‘प्रॉप’, ही सुविधा त्या ओळी एका तक्त्याशी ताडून पाहते. कोणता मजकूर, कोणाकडून आला असता, कोणती कृती करावयाची, हे तक्त्यात लिहिलेले असते. कृतींचे प्रोग्राम बहुधा रेक्स भाषेत असतात.

तक्ता वरून खाली वाचला जातो आणि पहिली जुळणारी नोंद लागू होते. खरी मेख येथेच आहे. ‘कर्नल’ शब्द असलेल्या सर्व ओळी केवळ नोंदवहीत टाकाव्यात, असा नियम वर असेल, तर खाली ‘कर्नल पॅनिक’साठी लिहिलेला इशारा कधीच वाजणार नाही. संदेश नोंदवहीत सापडेल, परंतु सर्व्हर कोसळून गेल्यावर! म्हणून विशेष नियम आधी, सामान्य नियम नंतर. प्रेषकाचा रकाना मोकळा सोडणेही तितकेच घातक, कारण मग तेच शब्द टंकून कोणीही सर्व्हर पुन्हा सुरू करवू शकेल. प्रेषकाचे नाव मजकुरातून नव्हे, तर नियंत्रण प्रोग्रामकडून मिळते. त्यामुळे ते विश्वसनीय असते.

पुन्हा सुरू करण्याची कृतीही सरसकट नसावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. स्मृतीची प्रत आधी घ्यावी, आणि तोच सर्व्हर थोड्या वेळात दुसऱ्यांदा कोसळल्यास माणसाला बोलवावे. अन्यथा मूळ बिघाड झाकलाच जातो.

एक उणीव मात्र उरतेच. तक्ता केवळ आलेल्या संदेशाला उत्तर देतो; मूक झालेला सर्व्हर त्याला निरोगीच भासतो. त्यासाठी ठराविक अंतराने प्रत्येक सर्व्हरची विचारपूस करणारा स्वतंत्र प्रोग्राम लिहावा लागतो.