प्रोग्रेसिव्ह चष्मा : पारंपरिक आणि डिजिटल

चाळिशी लागली की वर्तमानपत्र हातभर लांब धरावे लागते. वयोमानानुसार डोळ्यातील नैसर्गिक भिंगाची लवचिकता कमी होते, हे त्याचे कारण. दूरचाही नंबर असल्यास दोन चष्मे बाळगावे लागतात किंवा रेघ असलेली बायफोकल काच वापरावी लागते. १९५९ साली फ्रान्समध्ये बर्नार मेतेनाझ यांनी विकसित केलेले 'व्हॅरिलक्स' भिंग बाजारात आले. त्यात वरून खाली नंबर क्रमाक्रमाने वाढत जातो, रेघ नसते. हीच प्रोग्रेसिव्ह काच होय. आता 'डिजिटल' काचेविषयी रुग्णांचे नातेवाईक आम्हांस वारंवार विचारतात : जादा किंमत मोजावी काय?

पारंपरिक पद्धतीत काचेचा पुढील पृष्ठभाग वाढत्या नंबरासह साच्यातून घडूनच येतो. अशा अर्धवट तयार काचा मोजक्याच वक्रतांच्या असतात. पुढे मागील बाजू धातूच्या ठरावीक साच्यांवर घासून तीत रुग्णाचा नंबर बसवितात. पुढची घडण मात्र अनेक नंबरांना एकच असल्याने, नंबर मोठा किंवा सिलिंडरचा असेल तर स्पष्ट दिसण्याचा पट्टा अरुंद अथवा वेडावाकडा होतो.

डिजिटल पद्धतीत संगणकनियंत्रित यंत्रातील हिऱ्याचे टोक पृष्ठभाग बिंदूबिंदूने कोरते व मऊ साधनाने त्यास झिलई दिली जाते. वाढता नंबर मागील बाजूवरही कोरता येतो. नाकापासून प्रत्येक बाहुलीचे अंतर, फ्रेममधील तिची उंची, डोळा व काच यांतील अंतर आणि फ्रेमचा कल ही मापे गणितात धरता येतात. तयार कपडा आणि मापाने शिवलेला कपडा यांत जो फरक, तोच येथे.

तथापि, कडेची धूसरता कोणतीही पद्धत पूर्णपणे घालवू शकत नाही. नंबर जितक्या वेगाने वाढेल, तितका दोष बाजूंना वाढणारच, हे गुंटर मिंकविट्झ यांनी १९६३ साली गणिताने दाखवून दिले. डिजिटल पद्धत हा दोष जेथे कमी जाणवेल तेथे सरकवू शकते, इतकेच. शिवाय 'डिजिटल' हे घडविण्याच्या रीतीचे नाव आहे. जुनीच सर्वसाधारण रचनाही त्या यंत्रावर कोरता येते. म्हणून रुग्णाची कोणती मापे वापरली, हे खरेदीपूर्वी अवश्य विचारावे.

सौम्य नंबर असलेल्यांना हा फरक बहुधा फारसा जाणवत नाही. मोठा किंवा सिलिंडरचा नंबर असलेल्यांना तो जाणवू शकतो. मापे चुकली तर महागडी काचही व्यर्थ जाते. कोणत्याही प्रोग्रेसिव्ह काचेच्या खालच्या भागातून जिन्याची पायरी अस्पष्ट दिसते. त्यामुळे तोल जाणाऱ्या वृद्धांनी घराबाहेर केवळ दूरच्या नंबराचा चष्मा वापरणे अधिक सुरक्षित.

दात्यांच्या देणगीतून चष्मा देताना आम्ही हेच तारतम्य बाळगतो. ज्यांचे काम वाचनाच्या साध्या चष्म्याने भागते, त्यांना तोच देतो. वाचलेल्या पैशातून आणखी एखाद्याच्या डोळ्यांपुढची अक्षरे स्पष्ट होतात. काच कोणतीही असो, प्रथम नेत्रतपासणी आणि काळजीपूर्वक घेतलेली मापे, हा आमचा आग्रह आहे.